दोनशे चाळीस मिनिटांचे वाटप : अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलमधील प्रमुख खेळाडूंचा खेळण्याचा वेळ आणि निर्णयाधिकाराचा इतिहास (१९४६–२०२५)

प्रस्तावना

सांघिक खेळांचा इतिहास सामान्यतः विजेतेपदे, विक्रम आणि थोर खेळाडूंची चरित्रे यांच्या आधारे लिहिला जातो. एखादा खेळाडू प्रत्यक्षात किती वेळ मैदानावर होता, तो वेळ कोणी ठरविला आणि त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न त्यात बहुधा दुय्यम राहतात. बास्केटबॉलच्या बाबतीत मात्र हे प्रश्न टाळता येत नाहीत. क्रिकेटमध्ये नेहमीच्या बदली खेळाडूला क्षेत्ररक्षणापलीकडे फारसा वाव नसतो. फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू सहसा परत येत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र कोणताही खेळाडू कितीही वेळा बाहेर जाऊन परत येऊ शकतो. त्यामुळे कोणास किती वेळ खेळवावे, हा निर्णय येथे प्रत्येक सामन्यात अनेकवार घ्यावा लागतो.

या निर्णयामागे एक साधे गणित आहे. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचा, म्हणजेच एनबीएचा, सामना ४८ मिनिटांचा असतो आणि एका वेळी संघाचे पाच खेळाडू खेळतात. म्हणजे प्रत्येक प्रशिक्षकाकडे वाटण्यासाठी एकूण २४० मिनिटे असतात. सामना सुरू करणाऱ्या पाच खेळाडूंना सरासरी ४० मिनिटे दिली, तर २०० मिनिटे संपतात आणि उरलेल्या सर्व खेळाडूंच्या वाट्याला ४० मिनिटे येतात. तीच सरासरी ३० वर आणली, तर राखीव खेळाडूंना ९० मिनिटे मिळतात. एकास अधिक द्यावयाचे तर दुसऱ्याचे कमी करावे लागते.

या वाटपाचा १९४६ ते २०२५ या काळातील प्रवास पाहिला असता असे दिसते की, आरंभी हा विषय केवळ प्रशिक्षकाच्या डावपेचाचा होता. पुढे खेळाडू, वैद्यक, संख्याशास्त्रज्ञ, संघमालक, लीगचे आयुक्त आणि दूरचित्रवाणी कंपन्या या सर्वांनी त्यावर हक्क सांगितला. निर्णयात सहभागी होणारे वाढत गेले. शारीरिक परिणाम मात्र खेळाडूलाच भोगावे लागले. अधिकार आणि परिणाम यांच्यातील ही तफावत कशी निर्माण झाली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

१. बदलीचा नियम आणि सामन्याची लांबी

डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ तयार केला. त्यांच्या मूळ तेरा नियमांनुसार सामना १५ मिनिटांच्या दोन भागांत आणि मध्ये ५ मिनिटांच्या विश्रांतीसह खेळावयाचा होता. पहिल्या सामन्यात प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू होते. पाच ही संख्या पुढे काही वर्षांत स्थिर झाली.

प्रारंभीच्या काळात मैदान सोडलेला खेळाडू पुन्हा खेळू शकत नसे. अमेरिकन महाविद्यालयीन नियमांत १९२० मध्ये एकदा परत येण्याची मुभा मिळाली, १९३३-३४ पासून दोनदा आणि १९४४-४५ पासून बदलीवरील मर्यादाच काढून टाकण्यात आली. या बदलाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. खेळाडूस बाहेर काढणे म्हणजे त्यास कायमचे गमावणे, अशी स्थिती होती तोपर्यंत सहनशक्ती हाच खेळाडूचा मोठा गुण होता आणि विश्रांती देणे प्रशिक्षकास परवडत नव्हते. अमर्याद बदलीमुळे विश्रांती हे प्रशिक्षकाच्या हातातील साधन बनले.

६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका स्थापन झाली आणि १९४९ मध्ये प्रतिस्पर्धी लीगशी विलीनीकरण होऊन तिचे नाव एनबीए झाले. तिचे संस्थापक प्रामुख्याने मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांचे चालक होते. महाविद्यालयीन सामना ४० मिनिटांचा असताना त्यांनी १२ मिनिटांची चार सत्रे, म्हणजे ४८ मिनिटे, ठरविली. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकास संध्याकाळभराचे मनोरंजन मिळावे, हा त्यामागील हेतू होता. प्रशिक्षकाने वाटावयाच्या मिनिटांची एकूण संख्याच अशा रीतीने प्रेक्षकांच्या अपेक्षेवरून निश्चित झाली होती.

१९५४-५५ च्या हंगामात सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोनी यांच्या पुढाकाराने चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटच्या दिशेने फेक करण्याचे बंधन आले. त्यामुळे चेंडू नुसता धरून ठेवण्याचा कंटाळवाणा प्रकार थांबला, खेळ वेगवान झाला आणि प्रत्येक मिनिटात होणारा शारीरिक श्रमही वाढला. खेळाडूंच्या मिनिटांची अधिकृत नोंद १९५१-५२ पासून होऊ लागली होती. अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने मिनिटे मोजण्याची सोय झाली आणि ती अधिक दमविणारीही झाली.

२. चेंबरलेन आणि ऑरबॅक : दोन विचार

१९६१-६२ च्या हंगामात फिलाडेल्फिया वॉरियर्स संघाच्या विल्ट चेंबरलेन यांनी ८० सामन्यांत ३,८८२ मिनिटे खेळून काढली. जादा सत्रे धरून त्या संघाची एकूण मिनिटे ३,८९० होती. म्हणजे संपूर्ण हंगामात ते केवळ ८ मिनिटे मैदानाबाहेर होते. तीही विश्रांतीसाठी नव्हे, तर एका सामन्यात पंचांनी त्यांना बाहेर काढल्यामुळे. त्यांची सरासरी प्रत्येक सामन्यास ४८.५ मिनिटे, म्हणजे सामन्याच्या नियत लांबीपेक्षाही अधिक, भरली. त्याच हंगामात त्यांनी सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मिळविले आणि २ मार्च १९६२ रोजी हर्शी या गावी एकाच सामन्यात १०० गुणांचा विक्रम केला. तो सामना पाहण्यास ४,१२४ प्रेक्षक हजर होते. यावरून त्या काळातील लीगची आर्थिक स्थिती लक्षात येते. प्रेक्षक ज्याच्यासाठी येतात, त्यास बाहेर बसविण्याची चैन अशा लीगमधील संघास परवडणे कठीण होते.

याच काळात बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑरबॅक यांनी वेगळा विचार रूढ केला. सामना कोण सुरू करतो यापेक्षा तो कोण संपवितो हे अधिक महत्त्वाचे, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. पहिल्या पाचांत सहज बसेल अशा एका खेळाडूस ते मुद्दाम राखून ठेवीत आणि प्रतिस्पर्धी संघाचे प्रमुख खेळाडू दमू लागताच त्यास मैदानात आणीत. ‘सहावा माणूस’ या नावाने ही भूमिका ओळखली जाऊ लागली. प्रथम फ्रँक रॅम्सी आणि १९६२ नंतर जॉन हॅवलिचेक यांनी ती पार पाडली. हॅवलिचेक पुढे सेल्टिक्सच्या इतिहासातील सर्वाधिक गुण मिळविणारे खेळाडू ठरले. राखीव असणे म्हणजे दुय्यम असणे नव्हे, ही गोष्ट त्यामुळे सिद्ध झाली.

१९६२ मध्ये चेंबरलेन यांचा संघ पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत झुंजून बॉस्टनकडूनच पराभूत झाला. एका मालिकेवरून दोन विचारांचा न्याय करता येत नाही, आणि बिल रसेल यांच्यासारखा बचावपटू बॉस्टनकडे होता हेही विसरता येत नाही. तथापि १९५९ ते १९६६ या आठ वर्षांत बॉस्टनने सलग आठ विजेतेपदे मिळविली आणि मिनिटांचे योजनापूर्वक वाटप ही व्यावसायिक प्रशिक्षकाची कसोटी मानली जाऊ लागली. एनबीएने १९८२-८३ पासून सर्वोत्तम सहाव्या खेळाडूसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, त्याचे मूळ ऑरबॅक यांच्या या प्रयोगात आहे.

३. पहिल्या पाचांची निवड आणि वर्णभेद

पहिले पाच खेळाडू निवडण्याच्या प्रशिक्षकाच्या अधिकारास सामाजिक मर्यादाही होत्या. एनबीएमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंचा प्रवेश १९५० मध्ये झाला. चक कूपर, अर्ल लॉइड आणि नॅट क्लिफ्टन ही त्या वर्षीची नावे होत. परंतु त्यानंतरही कितपत कृष्णवर्णीय खेळाडू संघात घ्यावेत आणि एका वेळी किती मैदानावर असावेत, यासंबंधी अलिखित मर्यादा असल्याचे त्या काळातील खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. श्वेतवर्णीय प्रेक्षक दुरावतील, ही भीती त्यामागे होती.

२६ डिसेंबर १९६४ रोजी सेंट लुईस येथील सामन्यात टॉम हाइन्सन दुखापतीमुळे खेळू शकत नव्हते. ऑरबॅक यांनी त्यांच्या जागी विली नॉल्स यांना घेतले. बिल रसेल, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, सॅच सँडर्स आणि नॉल्स असे पाचही कृष्णवर्णीय खेळाडू एनबीएच्या इतिहासात प्रथमच एकत्र सामना सुरू करण्यास उतरले. बॉस्टनने तो सामना ९७–८४ असा जिंकला. या निर्णयाचा कोणताही गाजावाजा संघाने केला नाही. उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत योग्य पाच, एवढाच त्याचा खेळाच्या दृष्टीने अर्थ होता. आणि तेवढाच अर्थ असणे हीच त्यातील ऐतिहासिक गोष्ट होती. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९६६ मध्ये, रसेल स्वतः बॉस्टनचे प्रशिक्षक झाले. अमेरिकेतील या लीगचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होत.

४. खेळाडूचे शरीर आणि करार

१९५० व १९६० च्या दशकांत ‘मला किती वेळ खेळवावे’ हा प्रश्न खेळाडूने विचारावा, अशी परिस्थिती नव्हती. त्याचे हक्क संघाच्या हाती होते आणि संघ सोडण्याचे स्वातंत्र्य जवळजवळ नव्हते. १९५४ मध्ये बॉब कूझी यांच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना स्थापन झाली. १४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टन येथे होणारा निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित व्हावयाचा असताना खेळाडूंनी ऐनवेळी मैदानात उतरण्यास नकार दिला. निवृत्तिवेतन ही त्यांची मुख्य मागणी होती. प्रत्येक संघासोबत शारीरिक उपचारांसाठी पूर्णवेळ प्रशिक्षित व्यक्ती असावी, हीही मागणी त्यात होती. संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष हाइन्सन होते. आयुक्तांकडून आश्वासन मिळाल्यावर सामना उशिरा सुरू झाला. आपल्या श्रमाइतकीच आपल्या शरीराची निगा हाही वाटाघाटीचा विषय आहे, हे खेळाडूंनी या प्रसंगी प्रथमच उघडपणे मांडले.

ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने १९७० मध्ये दाखल झालेला आणि १९७६ मध्ये तडजोडीने मिटलेला दावा हा पुढचा टप्पा होय. त्यामुळे करार संपल्यावर दुसऱ्या संघात जाण्याचा मार्ग खुला होऊ लागला. खेळाडूचा आवाज वाढण्याचे खरे कारण हे होते. बिल वॉल्टन यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पोर्टलंड संघास १९७७ चे विजेतेपद मिळवून देणारे आणि १९७८ चे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेले वॉल्टन पायाच्या गंभीर दुखापतीनंतर संघातील वैद्यकीय उपचारांविषयी असमाधान व्यक्त करून १९७८-७९ चा संपूर्ण हंगाम खेळले नाहीत. पुढील अनेक वर्षे दुखापतींत गेली. १९८५-८६ मध्ये बॉस्टनकडून राखीव सेंटर म्हणून, सामन्यास सरासरी २० मिनिटांहून किंचित कमी वेळ खेळून, ते ८० सामन्यांत उतरले. त्यांच्या कारकिर्दीतील ही सर्वोच्च संख्या होय. त्या हंगामात त्यांना सहाव्या खेळाडूचा पुरस्कार आणि बॉस्टनला विजेतेपद मिळाले.

मिनिटांचा संबंध वेतनाशीही जोडला गेला. २०११ च्या सामूहिक करारापासून पहिला करार पूर्ण करणाऱ्या काही तरुण खेळाडूंना संघाने द्यावयाच्या प्रस्तावाची रक्कम ठरविताना ‘प्रारंभिक खेळाडूचे निकष’ लावले जाऊ लागले. हंगामात ४१ सामन्यांत सुरुवातीपासून खेळणे किंवा एकूण २,००० मिनिटे पूर्ण करणे, असे ते निकष आहेत. साहजिकच प्रशिक्षकाने एखाद्या तरुणास बाहेर बसविण्याचा निर्णय केवळ डावपेचाचा राहत नाही. त्याच्या पुढील उत्पन्नावरही त्याचा परिणाम होतो. प्रसिद्ध खेळाडूस विश्रांती मिळावी की नाही, या चर्चेत राखीव खेळाडूचा हा हितसंबंध बहुधा दुर्लक्षित राहतो.

५. आकडेवारीचा प्रवेश आणि तिची मर्यादा

एकविसाव्या शतकाच्या आरंभी डॅलस मॅव्हरिक्सचे मालक मार्क क्यूबन यांनी वेन विन्स्टन आणि जेफ सॅगरिन यांच्या संख्याशास्त्रीय पद्धतीचा उपयोग सुरू केला. एखादा खेळाडू मैदानावर असताना आणि नसताना संघाच्या गुणांत किती फरक पडतो, हे सोबतच्या व समोरच्या खेळाडूंचा विचार करून मोजण्याची ही पद्धती होती. २०११ च्या अंतिम मालिकेत डॅलस १–२ असे मागे असताना प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी चौथ्या सामन्यासाठी डिशॉन स्टीव्हन्सन यांच्या जागी चणीने लहान असलेल्या होजे हुआन बरेया यांना सुरुवातीपासून खेळविले. संघाचे संख्याशास्त्रज्ञ रोलंड बीच या काळात प्रशिक्षकांच्या सल्लागारांत होते. डॅलसने पुढील तिन्ही सामने जिंकले.

२०१५ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या बाबतीत असाच प्रसंग आला. आंद्रे इग्वाडाला यांनी तोपर्यंतच्या कारकिर्दीतील सर्व ७५८ सामने सुरुवातीपासून खेळले होते. २०१४-१५ च्या हंगामात नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांच्या विनंतीवरून त्यांनी राखीव खेळाडूची भूमिका स्वीकारली. अंतिम मालिकेत संघ १–२ असा मागे पडल्यावर निक यूरेन या तरुण सहायकाच्या सूचनेवरून कर यांनी उंच सेंटर अँड्रू बोगट यांना बाहेर ठेवून इग्वाडाला यांना पहिल्या पाचांत घेतले. चौथा सामना १०३–८२ असा जिंकून पुढे संघाने मालिका ४–२ ने खिशात घातली आणि इग्वाडाला मालिकेचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. वर्षभर मागे बसण्याचा मोठेपणा त्यांनी दाखविला नसता, तर ही निवड करण्यास वावच राहिला नसता.

परंतु सर्वांत विचारपूर्वक केलेली निवडही फसू शकते. १८ जून २०१३ रोजी अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात सॅन अँटोनिओ स्पर्स संघ मायामीविरुद्ध शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाच गुणांनी पुढे होता. तीन गुणांची फेक रोखण्यासाठी चपळ खेळाडू हवेत, या हेतूने प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी उंच टिम डंकन यांना बाहेर बसविले. मायामीची फेक हुकली; पण परत आलेला चेंडू ख्रिस बॉश यांनी पकडला आणि रे ॲलन यांनी ५.२ सेकंद शिल्लक असताना तीन गुण मिळवून बरोबरी साधली. मायामीने जादा सत्रात १०३–१०० असा विजय मिळविला आणि सातवा सामनाही जिंकला. डंकन मैदानावर असते तर चेंडू त्यांनी पकडला असता काय, याचे उत्तर कोणत्याही आकडेवारीतून मिळत नाही. निर्णय तर्कास धरून होता, तरी त्याची जबाबदारी प्रशिक्षकासच घ्यावी लागली.

६. शिकागो आणि सॅन अँटोनिओ : श्रमाच्या दोन नीती

२०१० ते २०१५ या काळात शिकागो बुल्सचे प्रशिक्षक असलेले टॉम थिबोडो प्रमुख खेळाडूंना दीर्घ काळ खेळविण्यासाठी ओळखले जात. त्यांच्या संघातील लुओल डेंग २०११-१२ आणि २०१२-१३ या दोन्ही हंगामांत सरासरी मिनिटांच्या बाबतीत लीगमध्ये पहिले होते. २८ एप्रिल २०१२ रोजी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात फिलाडेल्फियाविरुद्ध शिकागो १२ गुणांनी पुढे असताना आणि दीड मिनिटाहूनही कमी वेळ उरला असताना डेरिक रोझ यांच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. आदल्या वर्षी, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेले रोझ पुढचा संपूर्ण हंगाम खेळू शकले नाहीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांच्या दुसऱ्या गुडघ्यास इजा झाली.

जिंकल्यात जमा असलेल्या सामन्यात ते मैदानावर का होते, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे. थिबोडो यांच्या बाजूने सांगावयाचे तर, बाद फेरीत तेवढी आघाडी पूर्ण सुरक्षित नसते आणि अशी दुखापत पहिल्या मिनिटातही होऊ शकते. शिवाय संघमालक व खेळाडूंमधील वादामुळे तो हंगाम ६६ सामन्यांत दाटीवाटीने उरकण्यात आला होता. दोष एका प्रशिक्षकावर ठेवणे सोपे असले तरी वेळापत्रक ठरविणारे त्यातून सुटतात, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

पॉपोविच यांचे धोरण याच्या उलट होते. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी मायामी येथील सामन्याआधी त्यांनी डंकन, टोनी पार्कर, मानू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना विमानाने घरी पाठवून दिले. पाच रात्रींतील तो संघाचा चौथा सामना होता. सामना राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखविला जाणार होता. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी संघास २,५०,००० डॉलर दंड केला. राखीव खेळाडूंनी तो सामना केवळ पाच गुणांनी, १०५–१०० असा गमावला, ही बाब या दंडाच्या चर्चेत मागे पडली. पुढे २०१३-१४ च्या हंगामात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोहोचली नाही. तरीही संघाने ६२ सामने जिंकले आणि अंतिम मालिकेत मायामीस ४–१ असे हरवून मागील वर्षीच्या पराभवाची भरपाई केली. खेळाडूंची मिनिटे वाचविण्याच्या धोरणास याहून ठळक यश मिळालेले नाही.

या यशाचा परिणाम संपूर्ण लीगवर झाला. २०१०-११ मध्ये मॉन्टा एलिस यांची सरासरी ४०.३ मिनिटे होती. त्यानंतर २०२४-२५ पर्यंत कोणत्याही खेळाडूची हंगामी सरासरी ४० मिनिटांवर गेली नाही.

७. आयुक्तांचा हस्तक्षेप

मिनिटे कमी करण्याबरोबरच संपूर्ण सामन्यांतून विश्रांती देण्याची प्रथा वाढली आणि तिला ‘लोड मॅनेजमेंट’ हे नाव रूढ झाले. २०१८-१९ मध्ये टोरांटो रॅप्टर्सने क्वाय लेनर्ड यांना ८२ पैकी ६० सामन्यांतच खेळविले. आदल्या हंगामात मांडीच्या दुखापतीच्या उपचारांवरून त्यांचे सॅन अँटोनिओ संघाशी मतभेद झाले होते आणि ते केवळ ९ सामने खेळले होते. विश्रांतीचे धोरण प्रथम रुजविणाऱ्या संघातच हा वाद व्हावा, यावरून प्रश्न केवळ मिनिटांचा नसून शरीराविषयी अंतिम शब्द कोणाचा याचा होता, हे स्पष्ट होते. टोरांटोने २०१९ चे विजेतेपद जिंकले आणि लेनर्ड अंतिम मालिकेचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले.

याविरुद्ध प्रेक्षकांची तक्रारही अवास्तव नव्हती. आवडत्या खेळाडूस पाहण्यासाठी महिनोन्‌महिने आधी तिकीट काढणाऱ्या कुटुंबास तो बाहेर बसलेला दिसणे, ही फसवणूकच वाटते. दूरचित्रवाणी कंपन्यांचे हितसंबंध त्याहून मोठे होते. आयुक्त ॲडम सिल्व्हर यांच्या काळात २०१७ मध्ये हंगाम आधी सुरू करून पाच रात्रींत चार सामने खेळण्याचा प्रकार बंद करण्यात आला; त्याबरोबर निरोगी खेळाडूंना बसविण्याबद्दल दंडाचे नियमही आले. सप्टेंबर २०२३ मध्ये अधिक कडक धोरण जाहीर झाले. एकाच सामन्यात एकाहून अधिक नामवंत खेळाडूंना विनाकारण विश्रांती देण्यास मनाई करण्यात आली. पहिल्या उल्लंघनास १ लाख, दुसऱ्यास २.५ लाख डॉलर आणि त्यापुढील प्रत्येक वेळी आधीच्या दंडात १० लाखांची भर, असे प्रमाण ठरले. त्याच हंगामापासून प्रमुख वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळणे बंधनकारक झाले. २०२४ मध्ये लीगने सुमारे ७६ अब्ज डॉलरचा अकरा वर्षांचा प्रक्षेपण करार केला. ताऱ्यांची मैदानावरील उपस्थिती ही आता विक्रीच्या मालाची अट बनली होती.

जानेवारी २०२४ मध्ये लीगने संघांना पाठविलेल्या अहवालात सामन्यांतून विश्रांती दिल्याने दुखापती कमी होतात, असा संबंध आढळत नसल्याचे नमूद केले होते. या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करता येत नाही. पण तो मांडणारी संस्था खेळाडू मैदानावर असण्यात आर्थिक हित असलेली आहे, हेही विसरता येत नाही.

८. न्यूयॉर्क आणि इंडियाना, २०२५

२०२५ चा हंगाम हा या दीर्घ वादाचा जणू सारांश होता. थिबोडो २०२० पासून न्यूयॉर्क निक्सचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघातील जॉश हार्ट २०२४-२५ मध्ये सरासरी ३७.६ मिनिटांसह लीगमध्ये पहिले होते आणि पहिले पाच खेळाडू लीगमधील अन्य कोणत्याही पंचकापेक्षा अधिक वेळ एकत्र खेळले. मार्च २०२५ मध्ये मिकाल ब्रिजेस यांनी प्रमुख खेळाडूंची मिनिटे कमी करण्याविषयी आपण प्रशिक्षकांशी बोललो असल्याचे जाहीरपणे सांगितले. अशी चर्चा झाल्याचे थिबोडो यांनी नाकारले. साठ वर्षांपूर्वी असा संवाद वर्तमानपत्रांतून होणे अकल्पनीय होते.

पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत इंडियाना पेसर्सविरुद्ध पहिले दोन सामने गमावल्यावर थिबोडो यांनी हार्ट यांच्या जागी मिचेल रॉबिन्सन यांना सुरुवातीपासून खेळविले आणि राखीव खेळाडूंना अधिक वाव दिला. तिसरा सामना संघाने जिंकला, परंतु मालिका २–४ अशी गमावली. २००० नंतर प्रथमच संघास या टप्प्यापर्यंत आणणाऱ्या थिबोडो यांना ३ जून २०२५ रोजी पदावरून दूर करण्यात आले.

विजयी इंडियानाचे प्रशिक्षक कार्लाइल अनेक राखीव खेळाडूंना नियमितपणे खेळवीत. वाटपाच्या दृष्टीने त्यांचा संघ न्यूयॉर्कच्या विरुद्ध टोकाचा होता. तरीही २२ जून २०२५ रोजी अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात पहिल्याच सत्रात त्यांचे प्रमुख खेळाडू टायरीस हॅलिबर्टन यांच्या पायाची अकिलीस कंडरा तुटली. पोटरीच्या स्नायूस आधीच दुखापत झालेली असताना, धोका माहीत असूनही, त्यांनी खेळण्याचा निर्णय घेतला होता. संघाने पुढचा संपूर्ण हंगाम त्यांच्याविना खेळावा लागेल असे जाहीर केले. याच हॅलिबर्टन यांनी २०२३-२४ मध्ये मांडीची दुखापत असताना ६५ सामन्यांच्या नियमावर टीका केली होती; त्या हंगामात सुमारे ४ कोटी डॉलरची करारवाढ त्यांच्या पुरस्कारपात्रतेवर अवलंबून होती. वेळ जपून वाटणारा संघही सर्वोच्च सामन्याच्या दिवशी मोहापासून मुक्त नसतो, आणि तो मोह खेळाडूच्या मनातही असतो.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली म्हणजे, मिनिटांचे वाटप कधीच शुद्ध डावपेचाचा विषय नव्हता. ४८ मिनिटांची लांबी, सामन्यांची संख्या, वर्णविषयक अलिखित मर्यादा, वेतनाचे निकष आणि प्रक्षेपणाचे करार यांनी प्रशिक्षकाचा निर्णय त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा आखून दिलेला होता. दुसरी म्हणजे, कमी मिनिटांनी दुखापत टळते किंवा अधिक मिनिटांनी ती ओढवते, हे वैयक्तिक उदाहरणांवरून सिद्ध होत नाही. चेंबरलेन जवळजवळ प्रत्येक मिनिट खेळून टिकले. हॅलिबर्टन तुलनेने मोजके खेळूनही कोसळले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, निश्चित ज्ञान नसताना निर्णय कोणी घ्यावा हा प्रश्न शास्त्राचा न राहता न्यायाचा होतो.

प्रशिक्षक पराभव झाल्यास पद गमावतो, आयुक्त महसूल गमावतो, प्रेक्षक एक संध्याकाळ गमावतो. खेळाडू गुडघा गमावतो, आणि त्याची कारकीर्द क्वचितच दीर्घ असते. २०२३ च्या धोरणाने उपस्थितीचे नियम केले. खेळाडूच्या नकारास मात्र तितक्याच तपशिलाने स्थान दिले नाही. १९६४ मध्ये बॉस्टनच्या खेळाडूगृहात दार लावून बसलेल्या खेळाडूंनी शरीराची निगा वाटाघाटीच्या पटावर आणली होती. ८२ सामन्यांचे वेळापत्रक त्याच पटावर यावयाचे अद्याप बाकी आहे. तोपर्यंत २४० मिनिटांचे कितीही कुशल वाटप केले, तरी मूळ प्रश्न पुढच्या प्रशिक्षकाकडे सोपविला जात राहील.